लॅपटॉपवर टेस्ट हिरव्या, लॅम्बडावर इम्पोर्ट एरर: पायथन फंक्शनचं हे दुखणं परत परत का उलटतं

आमच्या प्रोजेक्टमध्ये पायथनची अकरा लॅम्बडा फंक्शन्स आहेत. लॅम्बडा म्हणजे सर्व्हर न सांभाळता आपला कोड चालवणारी ॲमेझॉनची क्लाउड सेवा; कोड आणि त्याला लागणारी पॅकेजेस झिप करून वर पाठवायची. बिलाची पीडीएफ बनवणारं एक, एस३मध्ये (ॲमेझॉनची फाइली ठेवायची जागा) फाइल पडली की ती वाचून डायनॅमोडीबीत (तिथला डेटाबेस) नोंद टाकणारं एक, बाकीची अशीच किरकोळ कामाची. दर काही आठवड्यांनी त्यातलं एखादं तोंडावर आपटतं आणि चॅटवर येणारा निरोप ठरलेला असतो: "माझ्याकडे चालतंय. टेस्ट पण पास आहेत." खोटं कोणीच बोलत नसतं. टेस्ट खरंच पास असतात, फक्त त्या वेगळ्याच पॅकेजेसवर पास झालेल्या असतात. लॅपटॉपवरच्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये (प्रोजेक्टच्या पॅकेजेसचं वेगळं फोल्डर) जे आहे त्यावर टेस्ट चालतात आणि झिपमध्ये भरून वर जातं ते दुसरंच काहीतरी. खालची सगळी रडगाणी या एकाच फटीतून आत येतात.

इथे कमांड आणि एरर देवनागरीत लिहिले आहेत. टर्मिनलमध्ये रोमनमध्ये टाइप करायचे हे सांगायला नको.

ताप एक, रोग तीन

क्लाउडवॉचच्या (ॲमेझॉनची लॉग ठेवणारी सेवा) लॉगमध्ये ओळ साधारण अशी येते:

रनटाइम.इम्पोर्टमॉड्यूलएरर: अनेबल टू इम्पोर्ट मॉड्यूल 'ॲप': नो मॉड्यूल नेम्ड 'पायडॅन्टिक_कोर._पायडॅन्टिक_कोर'

बहुतेक जण 'ॲप' दिसलं की तिथेच थांबतात आणि हँडलरचं (लॅम्बडा जे फंक्शन बोलावते त्याचं) नाव पुन्हा पुन्हा तपासत बसतात. कामाचं नाव असतं ते सगळ्यात शेवटच्या अवतरणात. त्या नावाच्या रूपावरूनच रोग ओळखता येतो.

शेवटी आपल्याच मॉड्यूलचं नाव असेल, म्हणजे 'नो मॉड्यूल नेम्ड ॲप', तर पॅकेजेसच्या नादी लागू नका. झिपची रचना चुकली आहे. 'अनझिप -एल' करून आतली यादी बघा. ॲप.पीवाय अगदी वरच्या पातळीवर दिसायला हवी. मॅकवर फाइंडरमध्ये फोल्डरवर राइट क्लिक करून झिप केलं की फोल्डरच आत जातं आणि फाइल एक पायरी खाली सरकते. फोल्डर नाही, त्यातला ऐवज झिप करायचा. फाइल जागेवर असूनही 'परमिशन डिनाइड' येत असेल तर बिल्ड सर्व्हरचा युमास्क (नव्या फाइलींच्या परवानग्या ठरवणारं सेटिंग) बघा. फाइलींना ६४४ आणि फोल्डरांना ७५५ परवानगी असली की भागतं.

शेवटी साधं, बिनटिंबाचं नाव असेल, उदाहरणार्थ 'नो मॉड्यूल नेम्ड यामल', तर ते पॅकेज वर गेलेलंच नाही. इन्स्टॉल करायचं नाव आणि इम्पोर्ट करायचं नाव एकच असेल असं नाही, हे नवख्यांना हमखास चकवतं: पिलो इन्स्टॉल करून पीआयएल इम्पोर्ट करायचं, पायवायएएमएल इन्स्टॉल करून यामल. पण जास्त वेळा भानगड अशी असते की ते पॅकेज आपण कधी मागितलेलंच नसतं. लॅपटॉपवर दुसऱ्या कुठल्या तरी पॅकेजच्या किंवा टेस्टच्या साधनांच्या मागोमाग ते आलेलं असतं, आणि आपण बिनधास्त इम्पोर्ट करून मोकळे होतो.

लेयर (अनेक फंक्शन्सना वाटून वापरता येणारी पॅकेजेसची वेगळी झिप) वापरत असाल तर आणखी दोन गोष्टी बघा. लेयरच्या झिपमध्ये वर 'पायथन' नावाचं फोल्डर लागतं, कारण लेयर /ऑप्ट मध्ये उलगडतो आणि शोध /ऑप्ट/पायथन मध्ये होतो. दुसरं म्हणजे, लेयरची नवी आवृत्ती प्रसिद्ध केली म्हणून फंक्शन आपोआप तिच्यावर जात नाही. लेयरच्या पत्त्याच्या शेवटी जो आकडा असतो तो फंक्शनच्या कॉन्फिगमध्ये बदलावा लागतो. आमच्या एका सहकाऱ्यानं अख्खी दुपार सातव्या आवृत्तीत दुरुस्त्या करण्यात घालवली आणि फंक्शन मात्र निवांत पाचवीवर बसलेलं होतं.

आता तिसरा प्रकार. नावात टिंब आहे आणि टिंबानंतर अंडरस्कोअर: पायडॅन्टिक_कोर._पायडॅन्टिक_कोर, सायकोपीजी२._सायकोपीजी, नम्पायमधलं _मल्टिअरे_युमॅथ. पॅकेज गेलं आहे, पण त्यातला सी किंवा रस्टमध्ये लिहून कंपाइल केलेला तुकडा या यंत्रावर चालत नाही. कधी याच रोगाचं लक्षण 'इनव्हॅलिड ईएलएफ हेडर' असं दिसतं. जास्तीत जास्त वेळ खातो तो हाच, म्हणून इथे जरा थांबू.

कंपाइल केलेला तुकडा

लॅम्बडा लिनक्सवर चालते. आपण मॅकवर किंवा विंडोजवर 'पिप इन्स्टॉल' करतो तेव्हा पिप त्या त्या यंत्राला साजेशी व्हील (पॅकेजची आधीच बांधून ठेवलेली फाइल) उतरवतो. निव्वळ पायथनमधल्या पॅकेजेसना याचा काही फरक पडत नाही, म्हणून पहिली चार फंक्शन्स सुखानं चालतात आणि पाचव्यात कोणीतरी पायडॅन्टिक घातलं की कोसळतं. खात्री करायला फार अक्कल लागत नाही: पॅकेज फोल्डरमध्ये .एसओ ने संपणाऱ्या फाइली शोधा. नावात 'डार्विन' दिसलं तर ती मॅकची. 'सीपायथन-३१२-एक्स८६_६४-लिनक्स-जीएनयू' असं काही दिसायला हवं. त्या नावात तिन्ही गोष्टी लिहिलेल्या असतात: पायथनची आवृत्ती, प्रोसेसर आणि ऑपरेटिंग सिस्टिम. तिन्ही फंक्शनच्या सेटिंगशी जुळल्या पाहिजेत. २०२१ पासून लॅम्बडावर एआरएम प्रोसेसरही निवडता येतो. ज्यांच्याकडे एम मालिकेतला मॅक आहे त्यांना वाटतं की डॉकरमध्ये बिल्ड केलं म्हणजे झालं. पण त्यांचा डॉकर न सांगता एआरएमचाच कंटेनर उभा करतो आणि फंक्शन असतं एक्स८६ वर.

उपाय पिपमध्येच आहे. इन्स्टॉल करताना हे पर्याय द्या: --प्लॅटफॉर्म मॅनीलिनक्स२०१४_एक्स८६_६४, --इम्प्लिमेंटेशन सीपी, --पायथन-व्हर्शन ३.१२, --ओन्ली-बायनरी=:ऑल:, आणि --टार्गेट नंतर पॅकेजचं फोल्डर. मॅनीलिनक्स ही व्हील कोणत्या लिनक्सवर चालेल याची खूण. एआरएमसाठी प्लॅटफॉर्मच्या शेवटी एएआर्च६४. मग मॅकवर बसूनही लिनक्सची व्हील उतरते, डॉकर लागत नाही. यूव्ही (पिपच्या जागी वापरायचं साधन) वापरत असाल तर त्यातही --पायथन-प्लॅटफॉर्म आहे, आणि वेगाच्या बाबतीत पिपला मागे टाकतं.

पण या पर्यायाला तीन काटे आहेत.

पहिला: काही नवी पॅकेजेस मॅनीलिनक्स२०१४ ची व्हील देणं बंद करून मॅनीलिनक्स_२_२८ वर गेली आहेत. पिप मग एकतर जुनी आवृत्ती उचलतो किंवा 'नो मॅचिंग डिस्ट्रिब्युशन' म्हणून हात वर करतो. --प्लॅटफॉर्म दोनदा देता येतो, दोन्ही द्या. मात्र २_२८ म्हणजे जीलिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) २.२८ किंवा पुढची. पायथन ३.१२ चा रनटाइम (लॅम्बडा देते ते तयार वातावरण) ॲमेझॉन लिनक्स २०२३ वर आहे, त्यात जीलिबसी २.३४ आहे, तिथे चालेल. ३.११ चा रनटाइम ॲमेझॉन लिनक्स २ वर, त्यात २.२६. तिथे 'व्हर्शन जीलिबसी_२.२८ नॉट फाउंड' हा एरर मिळेल, आणि तो वाचून कोणीतरी 'जीलिबसी अपडेट करूया' असं सुचवेल. तसं करता येत नाही. एकतर पॅकेजची जुनी आवृत्ती घ्या किंवा रनटाइम वर न्या.

दुसरा काटा बारीक आहे. 'हे पॅकेज फक्त लिनक्सवर' किंवा 'पायथन ३.११ च्या खालीच' अशा अटी काही पॅकेजेस आपल्या डिपेन्डन्सीवर (त्यांना लागणाऱ्या इतर पॅकेजेसवर) लावतात. या अटी पिप ज्या यंत्रावर आणि ज्या पायथनवर चालतोय त्यावरून तपासतो, --प्लॅटफॉर्म आणि --पायथन-व्हर्शन मध्ये काय लिहिलंय त्यावरून नाही. म्हणजे व्हील लिनक्सची पण यादी मॅकची. म्हणून बिल्ड करणारा पायथन तरी रनटाइमच्याच आवृत्तीचा ठेवा.

तिसरा: ज्या पॅकेजची व्हीलच नाही, फक्त सोर्स आहे, त्याला ओन्ली-बायनरी नकार देतं. तेव्हा कंटेनरमध्ये बिल्ड करण्यावाचून गत्यंतर नाही: सॅममध्ये (लॅम्बडा बांधून वर पाठवायचं ॲमेझॉनचं साधन) 'सॅम बिल्ड --यूज-कंटेनर', सर्व्हरलेस फ्रेमवर्कच्या पायथन रिक्वायरमेंट्स प्लगिनमध्ये 'डॉकराइझपिप'. मी आधी सगळंच कंटेनरमध्ये बिल्ड करायचो. आता अडलं तरच करतो, कारण अकरा फंक्शन्सना कंटेनर म्हणजे चहाचे दोन राउंड होतात.

काही न बदलता मोडलं

"कोडची एक ओळ बदलली होती, लॉगच्या मेसेजमधली. तरी मोडलं." हेही नेहमीचं. रिक्वायरमेंट्स फाइलमध्ये नुसतं 'रिक्वेस्ट्स' लिहिलेलं असतं, आवृत्ती नाही. मागच्या बिल्डला जे उतरलं ते आज उतरेलच असं नाही.

याचं सगळ्यांच्या लक्षात राहिलेलं उदाहरण २०२३ च्या उन्हाळ्यातलं. एप्रिलअखेर युआरएललिब३ (रिक्वेस्ट्स ज्यावर उभं आहे ते पॅकेज) ची २.० आवृत्ती आली आणि मेच्या सुरुवातीला रिक्वेस्ट्सच्या २.३० नं ती चालवून घ्यायला सुरुवात केली. ज्यांनी आवृत्ती बांधली नव्हती त्यांच्या झिपमध्ये पुढच्या बिल्डला युआरएललिब३ २.० गेली. बोटो३ (पायथनमधून ॲमेझॉनच्या सेवांशी बोलणारं पॅकेज) मात्र अनेकांनी झिपमध्ये घातलेलंच नव्हतं, कारण रनटाइममध्ये ते आयतं मिळतं. त्या आयत्या, जुन्या बोटोकोरला (बोटो३ चा गाभा) युआरएललिब३ मधलं 'डिफॉल्ट_सायफर्स' नावाचं काहीतरी हवं होतं, आणि २.० मध्ये ते काढून टाकलेलं होतं. एरर आला: 'कॅननॉट इम्पोर्ट नेम डिफॉल्ट_सायफर्स'. शेवटी फाइलचा पत्ता होता /व्हार/टास्क/युआरएललिब३ मधला. तो पत्ताच सगळं सांगत होता. /व्हार/टास्क म्हणजे आपली झिप. पायथन आधी आपल्या झिपमध्ये शोधतो, मग लेयरमध्ये आणि शेवटी रनटाइमच्या पोतडीत. अर्धं आपलं आणि अर्धं त्यांचं अशी गाठ पडली होती. ३.९ आणि त्याखालच्या रनटाइमवर ज्यांनी बोटोचं निस्तरलं त्यांना पुढे दुसरा फटका बसला: युआरएललिब३ २.० ला ओपनएसएसएल १.१.१ लागतं आणि त्या रनटाइममध्ये १.०.२ होतं.

यातून आम्ही दोन गोष्टी बदलल्या. बोटो३ आता आम्ही स्वतःच्या झिपमध्ये, आवृत्ती बांधून घालतो. झिप फुगते, चालेल. आणि प्रत्येक फंक्शनच्या दोन फाइली केल्या. एक हातानं लिहिलेली, तिच्यात फक्त आपण थेट इम्पोर्ट करतो ती नावं. दुसरी 'पिप-कंपाइल --जनरेट-हॅशेस' नं बनवलेली, तिच्यात सगळं खानदान आवृत्ती आणि हॅशसकट. बिल्ड दुसरीवरूनच होतो. टेस्टची साधनं, म्हणजे पायटेस्ट (टेस्ट चालवणारं), मोटो (टेस्टमध्ये ॲमेझॉनच्या सेवांची नक्कल, म्हणजे मॉक, करणारं) वगैरे, तिसऱ्या वेगळ्या फाइलमध्ये. तीही बांधूनच. मोटोच्या पाचव्या आवृत्तीनं, २०२४ च्या जानेवारीत, मॉक_एस३, मॉक_डायनॅमोडीबी ही सगळी भावंडं काढून एकच मॉक_एडब्ल्यूएस ठेवलं, तेव्हा न बांधलेल्यांच्या टेस्ट एका रात्रीत लाल झाल्या होत्या.

टेस्ट खोटं का बोलतात

आमच्या प्रत्येक फंक्शनच्या फोल्डरमध्ये ॲप.पीवाय आहे. तुमच्याही असेल, सॅमचा नमुना प्रोजेक्टच तसा येतो. आता टेस्ट काय करतात बघा. बिलाच्या टेस्टनं 'इम्पोर्ट ॲप' केलं. पायथननं ते मॉड्यूल सिस.मॉड्यूल्समध्ये 'ॲप' या नावानं जपून ठेवलं. पुढे मेलच्या टेस्टनं 'इम्पोर्ट ॲप' म्हटलं की पायथन नवीन काही शोधत नाही, बिलाचंच ॲप हातात ठेवतो. एकेक फोल्डर चालवलं तर पास, सगळं एकत्र चालवलं तर फेल. हे झालं नशीबवानांचं. आमच्याकडे दोन फंक्शन्समध्ये एकाच नावाचं 'व्हॅलिडेट' होतं आणि कित्येक दिवस एकाच्या टेस्ट दुसऱ्याचा कोड तपासून हिरव्या होत होत्या.

पायटेस्टचा --इम्पोर्ट-मोड=इम्पोर्टलिब हा यावर उपाय म्हणून बऱ्याचदा सांगतात. तो टेस्टच्या फाइलींची नावं सारखी असली की येणाऱ्या 'इम्पोर्ट फाइल मिसमॅच' वर चालतो. ॲप.पीवायच्या घोळाला त्याचा उपयोग नाही. एकतर फंक्शन्सना खरं पॅकेज बनवून पूर्ण नावानं इम्पोर्ट करा, किंवा आमच्यासारखं करा: प्रत्येक फंक्शनसाठी पायटेस्टची वेगळी प्रोसेस, त्या फंक्शनचंच फोल्डर पाथवर. वेगळी प्रोसेस म्हटलं की प्रत्येकाला वेगळ्या डिपेन्डन्सीही देता येतात, आणि पाहिजे तेच होतं.

मोटोबद्दल एकच सांगतो. बोटोचा क्लायंट फाइलच्या वरच्या भागात, हँडलरच्या बाहेर बनवायची पद्धत बरोबर आहे, कारण मग तो पुढच्या कॉल्सना परत वापरला जातो. पण त्यामुळे टेस्टच्या फाइलनं वर 'इम्पोर्ट ॲप' केलं की मॉक सुरू व्हायच्या आधीच क्लायंट तयार होतो. रीजन सेट नसेल तर 'यू मस्ट स्पेसिफाय अ रीजन' म्हणून तिथेच मरतो. सेट असेल तर जास्त वाईट. आमच्या एका टेस्टनं खऱ्या बकेटमध्ये खरी फाइल टाकली होती, लॅपटॉपवरच्या खऱ्या किल्ल्या वापरून. तेव्हापासून कॉन्फटेस्ट.पीवायच्या (पायटेस्ट सगळ्यात आधी वाचते ती फाइल) पहिल्या ओळींत खोट्या किल्ल्या आणि रीजन एन्व्हायर्नमेंटमध्ये घालतो आणि ॲपचा इम्पोर्ट मॉक सुरू झाल्यावर फिक्स्चरच्या (टेस्टआधीची तयारी करणारं फंक्शन) आत करतो.

बांधलेलीच झिप तपासायची

आता मुख्य इलाज. आधी झिपचं फोल्डर तयार होतं, मग टेस्ट त्याच फोल्डरवर चालतात, आणि तेच फोल्डर वर जातं. लॅपटॉपच्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटचा संबंध फक्त एडिटरपुरता.

ॲमेझॉन लॅम्बडाच्या पायथन रनटाइमच्या इमेज आपल्या पब्लिक ईसीआरवर (कंटेनर इमेजचं खुलं भांडार) ठेवते. ती इमेज घ्या, बांधलेलं फोल्डर /व्हार/टास्क वर फक्त वाचण्यापुरतं माउंट करा, एन्ट्रीपॉइंट बदलून पायथन करा आणि पहिली परीक्षा अगदी बाळबोध घ्या: 'पायथन -सी "इम्पोर्ट ॲप"'. पायटेस्ट नाही, काही नाही, नुसता इम्पोर्ट. लागतील ती एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स खोटी द्या. वर सांगितलेले तिन्ही रोग ही एक ओळ डिप्लॉयच्या आधी पकडते. एक्स८६ च्या फंक्शनसाठी डॉकरला --प्लॅटफॉर्म लिनक्स/एएमडी६४ सांगायला विसरू नका. एम मालिकेतल्या मॅकवर ते रखडत चालतं, पण चालतं.

नंतर पायटेस्ट. ती वेगळ्या फोल्डरमध्ये इन्स्टॉल करून वेगळी माउंट करायची आणि पायथनपाथमध्ये सगळ्यात शेवटी ठेवायची, म्हणजे तिच्या डिपेन्डन्सी आपल्या झिपमधल्यांवर कुरघोडी करणार नाहीत. तरीही गळती राहतेच. पायटेस्टबरोबर 'पॅकेजिंग' नावाचं पॅकेज येतं. आपल्या कोडला ते लागत असेल आणि आपण मागायला विसरलो असू तर टेस्ट ते पायटेस्टच्या पोतडीतून घेऊन पास होतील. म्हणून आधीची ती नुसत्या इम्पोर्टची परीक्षा वगळायची नाही.

आकाराचं थोडक्यात. झिप उलगडल्यावर लेयरसकट २५० एमबी ही हद्द आहे, लेयर जास्तीत जास्त पाच, आणि झिप थेट अपलोड करायची तर ५० एमबी. कंटेनर इमेजला १० जीबी मिळतात. पांडाज आणि सायपाय दोन्ही लागत असतील तर इमेजच घ्या, काटछाट करत बसू नका. काटछाट करायचीच असेल तर __पायकॅश__ आणि पॅकेजेसच्या आतली टेस्टची फोल्डर्स उडवा, पण 'डिस्ट-इन्फो' ने संपणारी फोल्डर्स उडवू नका. कित्येक पॅकेजेस स्वतःची आवृत्ती तिथूनच वाचतात आणि मग 'पॅकेजनॉटफाउंडएरर' मिळतो. काटछाट ही बिल्डचाच भाग असू द्या, म्हणजे टेस्ट कापलेल्या फोल्डरवर होतील.

एवढं करूनही गेल्या खेपेला एक फंक्शन पडलंच. ३.११ वरून ३.१२ वर नेलं होतं. ३.१२ मधून डिस्टयुटिल्स (पॅकेज बांधायचं जुनं मॉड्यूल) काढून टाकलेलं आहे, आणि त्या फंक्शनमधलं एक जुनं पॅकेज ते वापरत होतं, तेही एका फंक्शनच्या आत केलेल्या इम्पोर्टमध्ये, त्यामुळे वरच्या इम्पोर्टच्या परीक्षेत काही दिसलं नाही. लॅपटॉपवर सेटअपटूल्स होतं, ते डिस्टयुटिल्सची उणीव झाकतं. कंटेनरमधल्या पायटेस्टनं तरी पकडायला हवं होतं. शोधलं तेव्हा कळलं की पायथनची आवृत्ती आमच्याकडे तीन ठिकाणी लिहिलेली होती: सॅमच्या टेम्प्लेटमध्ये, पिपच्या --पायथन-व्हर्शन मध्ये आणि टेस्टच्या इमेजच्या टॅगमध्ये. पहिल्या दोन बदलल्या होत्या, तिसरी ३.११ वरच होती. आता ती एकाच फाइलमध्ये आहे आणि तिन्हीकडे तिथूनच वाचली जाते. तुमच्या रेपोत '३.११' ग्रेप करून बघा, किती ठिकाणी सापडतं ते.